एक फोटॉन, एक तार आणि थंडीची तक्रार

अतिवाहक नॅनोतारेचा शोधक म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, एकेक फोटॉन, सुटा मोजणारे उपकरण. त्याचा विषय निघाला की पहिली तक्रार थंडीची येते. उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावी लागणारी वस्तू प्रयोगशाळेबाहेर कुणाच्या उपयोगाची, असा तो सवाल. तक्रार जुनी आहे आणि तिच्यात अगदीच तथ्य नाही असेही नाही. पण गेल्या पंचवीस वर्षांतले काम एकत्र मांडून पाहिले, तर माझ्या मते ती चुकीच्या पत्त्यावर गेलेली आहे. थंडी हे या उपकरणाच्या गळ्यात पडलेले लोढणे नाही. ज्या कारणाने त्याला एकटा फोटॉन जाणवतो, त्याच कारणाने त्याला थंडी लागते, आणि एक घेऊन दुसरे टाळता येत नाही. खऱ्या अडचणी दुसरीकडे आहेत: एकसारख्या तारा पुष्कळ संख्येने बनवणे, त्यांचे संकेत थंड पेटीतून बाहेर आणणे, आणि जाहीर होणाऱ्या विक्रमी आकड्यांचा अर्थ नीट लावणे. शिवाय चार केल्विनचे अतिवाहक चुंबक पोटात बाळगणारी एमआरआय यंत्रे आज जिल्ह्याच्या गावीही रात्रंदिवस चालतात. तिथे थंडीबद्दल कुणी कुरकुरत नाही. कुरकुर होते ती बिलाबद्दल.

थंडी आणि संवेदना ही एकाच गोष्टीची दोन नावे कशी, हे आकड्यांतच स्पष्ट होते. दूरसंचाराच्या काचतंतूंमध्ये १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश वापरतात, कारण तिथे काच सर्वांत स्वच्छ असते. एका किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल इतकीच घट होते. या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करायला १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणून हा फोटॉन सिलिकॉनमधून खिडकीतून जावा तसा आरपार जातो. इंडियम गॅलियम आर्सेनाइडचे शोधक त्याला पकडतात, पण शेकडा दहा ते तीस एवढेच. कार्यक्षमता वाढवायला जावे तर खोटे ठोके वाढतात, आणि एक ठोका पडून गेल्यावर त्याचे पडसाद उमटत राहतात. अतिवाहकातली गोष्ट निराळी. तिथे इलेक्ट्रॉन जोडीजोडीने वाहतात आणि एक जोडी फोडायला नायोबियम नायट्राइडमध्ये चार-पाच मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. म्हणजे एकटा फोटॉन शंभरावर जोड्या फोडू शकतो. एवढी धूळधाण झाली तर तिची नोंद घेणे शक्य होते. पण खोलीच्या तापमानाला उष्णतेची साधी धक्काबुक्कीच २५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टची असते. त्या गर्दीत चार-पाचची जोडी टिकणारच नाही. अडीच केल्विनला ही धक्काबुक्की ०.२ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टवर येते. जोडी नाजूक हवी, कारण फोटॉन दुबळा आहे. आणि नाजूक जोडी जगायची तर थंडी हवी. सगळा हिशेब एवढाच आहे.

हाइके कामरलिंग ओन्नेस यांना १९११ मध्ये लायडनला पारा ४.२ केल्विनला रोधहीन झालेला आढळला. त्या शोधाला ९० वर्षे झाल्यावर, २००१ मध्ये, अतिवाहक पट्टीने एकेक फोटॉन टिपल्याचे पहिले प्रात्यक्षिक प्रसिद्ध झाले. ग्रिगोरी गोल्त्समन यांचा मॉस्कोतला गट आणि अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातले रोमान सोबोलेव्स्की यांचे ते संयुक्त काम. मॉस्कोची ती संस्था म्हणजे राज्य अध्यापन विद्यापीठ, मुळात शिक्षक घडवण्यासाठी काढलेले. तिथे नायोबियम नायट्राइडच्या पातळ थरांवर आधीपासून काम चालू होते, तेही टेराहर्ट्झ लहरी टिपणाऱ्या खगोलशास्त्रीय ग्राही उपकरणांसाठी. हाताशी असलेला थर दुसऱ्याच कामाला लावला आणि नवे उपकरण जन्माला आले. पट्टी ५ नॅनोमीटर जाड, २०० नॅनोमीटर रुंद, जेमतेम एक मायक्रोमीटर लांब. युक्ती अशी की तिच्यातून क्रांतिक मर्यादेच्या, म्हणजे अतिवाहकता मोडते त्या प्रवाहाच्या, किंचित खाली विद्युतप्रवाह सोडून ठेवायचा. फोटॉन पडला की तेवढ्या ठिकाणी जोड्या फुटतात, प्रवाह त्या जागेला वळसा घालून कडेने जाऊ पाहतो, कडेला गर्दी होऊन मर्यादा ओलांडते आणि तार पुरत्या रुंदीत साधी, रोध असलेली होते. अडलेला प्रवाह शेजारच्या प्रवर्धकाकडे वळतो. २० मायक्रोअँपिअर प्रवाह ५० ओहममधून गेला तर एक मिलिव्होल्टचा ठोका मिळतो, आणि एका फोटॉनच्या मानाने तो ढोल वाजल्यासारखा आहे. काही नॅनोसेकंदांत उष्णता खालच्या स्फटिकात उतरते, तार पुन्हा अतिवाहक होते आणि पुढच्या फोटॉनची वाट पाहू लागते. कुणी काही पुन्हा चालू करावे लागत नाही.

पहिल्या पट्टीवर पडणारा जवळपास सगळा प्रकाश वायाच जात होता. एक मायक्रोमीटर लांबीच्या रेघेवर काचतंतूतला झोत आणून टाकणे म्हणजे पावसात सुई उभी धरून थेंब झेलण्यासारखे. म्हणून तार नागमोडी मांडू लागले. १०० नॅनोमीटर रुंदीची तार, मध्ये तेवढीच फट, आणि झाकायचा चौकोन १५ मायक्रोमीटर बाजूचा: ७५ ओळी होतात आणि तारेची एकूण लांबी एक मिलिमीटरच्या पुढे जाते, रुंदीच्या दहा हजार पटींहून जास्त. या साऱ्या लांबीत एखाद्या जागी तार किंचित अरुंद राहिली तर सगळ्या तारेत सोडता येणारा प्रवाह त्या जागेपुरताच राहतो आणि बाकीची तार अर्धवट झोपलेली असते. थरच इतका पातळ की पडलेला प्रकाश बराचसा पार निघून जातो. त्यावर उपाय म्हणून एमआयटीतल्या गटाने तारेला आरशाची पोकळी आणि परावर्तनरोधी लेप जोडून २००६ मध्ये १५५० नॅनोमीटरला ५७ टक्के गाठले. मोठी उडी २०१३ ची. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेसोबत टंगस्टन सिलिसाइडची तार वापरून ९३ टक्के कार्यक्षमता दाखवली, तीही काचतंतूपासून संगणकापर्यंतचा सगळा व्यय धरून. हा पदार्थ स्फटिकरूप नसतो, त्यामुळे कणांच्या सीमांवरचे दोष येत नाहीत आणि तार सलग एकसारखी उतरते. त्याची किंमत अशी की त्याला नायोबियम नायट्राइडपेक्षाही जास्त थंडी लागते. २०२० मध्ये निस्टनेच मॉलिब्डेनम सिलिसाइडवर ९८ टक्के दाखवले, आणि पुढच्याच वर्षी डेल्फ्टकडच्या गटाने ९९.५.

त्या ९९.५ जवळ थोडे थांबावे लागते. सोबत दिलेली अनिश्चितता वरच्या बाजूला ०.५ आणि खालच्या बाजूला दोन टक्क्यांहून थोडी जास्त आहे. वरची ०.५ कशामुळे, तर शंभरापुढे जाता येत नाही म्हणून. म्हणजे खरा आकडा ९७.५ ही असू शकतो, आणि मग निस्टच्या ९८ शी त्याची तुलना निरर्थक ठरते. यात त्या संशोधकांचा दोष नाही; त्यांनी चूक लपवलेली नाही, छापली आहे. मुद्दा असा की कार्यक्षमता या टोकाला आली की शोधकापेक्षा त्याला मोजणारी फूटपट्टीच जाड पडते. पडणारा प्रकाश किती हे मोजणारे शक्तिमापक, प्रकाश ठरावीक पटींनी मंद करणारे अडसर, तंतूच्या टोकावरून मागे फिरणारा अंश या सगळ्यांची मिळून एक-दोन टक्क्यांची शंका राहतेच. ९८ नंतरच्या बातम्या मी तरी मोजमापशास्त्राच्या बातम्या म्हणून वाचतो.

दुसरी फसगत अधिक गंभीर आहे. या शोधकांचे गुण चार: किती फोटॉन पकडतो, अंधारात किती खोटे ठोके देतो, ठोक्याची वेळ किती नेमकी, आणि लागोपाठ किती वेगाने मोजतो. चारही गुणांचे विक्रम आहेत आणि परिचयपर लेखांत ते एका ओळीत मांडले जातात, जणू एकाच तारेने ते केले. तसे नाही. वेळेचा विक्रम २०२० चा: दृश्य प्रकाशात २.६ पिकोसेकंद आणि १५५० नॅनोमीटरला ४.३. प्रकाशसुद्धा २.६ पिकोसेकंदांत एक मिलिमीटर पुरा करत नाही, इतका हा काळ सूक्ष्म. पण ती तार अवघी पाच मायक्रोमीटर लांब होती, मुद्दाम तशी केलेली, म्हणजे पुन्हा पावसातली सुई. प्रकाश नीट झेलायचा तर तार लांब हवी. लांब तारेत प्रवाहाची जडता वाढते, तार पूर्ववत व्हायला जास्त वेळ घेते आणि तिच्या कुठल्या भागात फोटॉन पडला यावर ठोक्याची वेळही थोडी हलते. सगळे गुण एकत्र हवे असतील तर तार तोडून अनेक तारा शेजारी लावाव्या लागतात. जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेच्या ‘पीकॉक’ नावाच्या शोधकात अशा ३२ तारा आहेत आणि तो सेकंदाला दीड अब्ज फोटॉन मोजतो. मोराच्या पिसाऱ्यासारखा आकार आहे म्हणून नाव शोभतेही. इथे थंडीचा प्रश्न कुठेच आला नाही हे लक्षात घ्यावे. आला तो मांडणीचा.

खोट्या ठोक्यांची कथा तर थंडीच्या तक्रारीला उलटेच उत्तर देते. चांगल्या तारेचे बहुतेक खोटे ठोके खोटे नसतातच. खोलीच्या तापमानाला असलेली प्रत्येक वस्तू अवरक्त प्रकाश सोडते, काचतंतूचे बाहेरचे टोकही सोडते, आणि तो फोटॉन तंतूतून सरकत थंड पेटीत येऊन तारेवर पडतो. तार प्रामाणिकपणे मोजते. गरम आपण असतो. पेटीत थंड गाळणी बसवली किंवा तंतूच काढून टाकला की ठोके कोसळतात. कृष्णपदार्थाच्या एका संभाव्य रूपाचा शोध घेणाऱ्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शोधकाचे खोटे ठोके दहा लाख सेकंदांना सहाच्या आसपास होते, म्हणजे दोन दिवसांत एखादा. कसलाही सामान्य प्रकाशसंवेदक या शांततेच्या जवळपास येत नाही.

आता एक कबुली. हे उपकरण नेमके कसे चालते याचे वर जे चित्र मी दिले ते सोपे आहे, पण पुरेसे नाही, आणि या क्षेत्राने बरीच वर्षे त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकला. त्या चित्राप्रमाणे फोटॉनने केलेला गरम ठिपका तारेच्या रुंदीशी तुलना करण्याजोगा हवा, म्हणून तार अरुंदच हवी. १०० नॅनोमीटरच्या पुढे गेलात की अवरक्त फोटॉन दिसेनासा होईल. सगळ्या कारखान्यांनी, म्हणजे इलेक्ट्रॉन झोताने रेघा कोरणाऱ्या स्वच्छ खोल्यांनी, यावर मेहनत खर्च केली. पण सिद्धांतकार वेगळे बोलू लागले होते. पातळ अतिवाहकात चुंबकीय भोवरे असतात; ठिपक्यापाशी जोड्या विरळ झाल्या की तिथे भोवरा सहज जन्मतो, प्रवाह त्याला आडवा ढकलत नेतो, आणि त्याच्या वाटेवर उष्णता निर्माण होऊन तार साधी होते. तसे असेल तर रुंदी महत्त्वाची नाही. महत्त्वाचे हे की तारेतला प्रवाह तिच्या सैद्धांतिक कमाल प्रवाहाच्या पुरेसा जवळ नेता येतो की नाही. निझ्नी नोवगोरोदचे देनिस वोदोलाझोव्ह यांनी २०१७ मध्ये हिशेब मांडला की काही मायक्रोमीटर रुंदीची पट्टीसुद्धा एकटा फोटॉन ओळखेल. पुढच्याच वर्षी मॉस्कोतल्या प्रयोगाने नायोबियम नायट्राइडच्या मायक्रोमीटर रुंदीच्या पट्टीवर तसे दाखवून दिले. म्हणजे ज्या रुंदीवरून उपकरणाला ‘नॅनोतार’ हे नाव पडले तीच अनिवार्य नव्हती.

याचा अर्थ पहिली सतरा-अठरा वर्षे वाया गेली असा कुणी काढला तर ते अन्यायाचे होईल. अरुंद तार बनवता बनवताच थर एकसारखे करण्याची विद्या हाती आली, आणि रुंद पट्टी चालते ती त्याच विद्येमुळे. पण व्यवहारात फरक मोठा पडतो. मायक्रोमीटरच्या रेघा काढायला इलेक्ट्रॉन झोत लागत नाही. संगणकाच्या चकत्या ज्या प्रकाशछपाईने बनतात तीच पुरते. मोठे क्षेत्रफळ झाकणे आवाक्यात येते. भोवऱ्यांचे चित्र तरी पूर्ण आहे का? ठिपका आणि भोवरा यांच्यातला वाटा पदार्थागणिक, तरंगलांबीगणिक बदलतो, आणि तो वाद मिटलेला नाही. ठोक्याच्या वेळेतल्या अनिश्चिततेची, म्हणजे थरथरीची, शेवटची मर्यादा कुठली, हा प्रश्नही त्यालाच बांधलेला आहे.

उपयोगाच्या बाजूने येणारा आक्षेप असा: बहुतेक कामांना सिलिकॉनचे शोधक पुरतात, मग हा खटाटोप कशाला? आक्षेपातले पहिले वाक्य खरे आहे. २०१६ मध्ये सोडलेल्या चीनच्या ‘मोझी’ उपग्रहाने १,२०० किलोमीटरवर संदेश कुलूपबंद करण्याची गुप्तकिल्ली पाठवली ती ८५० नॅनोमीटरच्या प्रकाशात, आणि जमिनीवर शोधक सिलिकॉनचे होते. काही फोनच्या कॅमेऱ्याशेजारचा अंतरमापकही सिलिकॉनवरच चालतो. अशा जागी थंड पेटी नेणे हा उधळेपणा. परंतु काही कामांत थोडी जास्त कार्यक्षमता म्हणजे थोडे जास्त चांगले काम असा हिशेब नसतो. एका उंबरठ्याच्या अलीकडे काम होतच नाही. क्वांटम भौतिकीतल्या बेल असमानतेची निर्णायक चाचणी घ्यायची तर फोटॉनांपैकी निदान दोन तृतीयांश पकडले गेलेच पाहिजेत, नाहीतर हरवलेल्या फोटॉनांच्या आड पळवाट शिल्लक राहते. २०१५ मध्ये निस्टने ही पळवाट बुजवली ती ९० टक्क्यांच्या आसपासच्या टंगस्टन सिलिसाइड तारांनी. त्याच सुमारास व्हिएन्नाच्या गटाने तेच काम दुसऱ्या जातीच्या, त्याहून थंड अतिवाहक शोधकाने केले, हेही सांगितले पाहिजे. थंडीशिवाय मात्र दोघांनाही जमले नाही.

चीनच्या ‘जिउझांग’ या प्रकाशीय गणनयंत्रात २०२० मध्ये १०० नॅनोतार शोधक होते आणि एका वेळी ७६ पर्यंत ठोके नोंदले गेले. ७६ फोटॉन सगळेच्या सगळे पकडले जाण्याची शक्यता काढून पाहा: शोधक ९८ टक्क्यांचा असेल तर पाचात एकदा, ९३ टक्क्यांचा असेल तर हजारात चार वेळा, २५ टक्क्यांचा असेल तर दशांश चिन्हानंतर पंचेचाळीस शून्ये लिहावी लागतील. ९३ आणि ९८ मधला फरक एकट्या फोटॉनला कळत नाही, समूहाला कळतो. काचतंतूतून गुप्तकिल्ली पाठवण्याचा १,००२ किलोमीटरचा २०२३ मधला प्रयोगही याच तारांवर उभा आहे. मात्र त्या अंतरावर मिळणारी किल्ली मिनिटाला एक बिटसुद्धा भरत नाही, तेव्हा त्याला दळणवळण म्हणण्यापेक्षा सीमा दाखवणारा दगड म्हणावे.

माझ्या दृष्टीने सर्वांत सबळ पुरावा अंतराळातला आहे, कारण तिथे उपकरण प्रयोगशाळेत लाडाने ठेवलेले नव्हते. नासाचे ‘सायकी’ यान ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाले. त्याच्यावर चार वॅटचा लेसर आणि २२ सेंटीमीटरची दुर्बीण होती. ११ डिसेंबर २०२३ रोजी ३.१ कोटी किलोमीटरवरून सेकंदाला २६७ मेगाबिट वेगाने एक छोटी चित्रफीत पृथ्वीवर आली. वर्तमानपत्रांना आवडली ती तिच्यातली मांजर. झेलणारा होता पॅलोमारच्या ५.१ मीटर हेल दुर्बिणीच्या मागे बसवलेला, टंगस्टन सिलिसाइडच्या ६४ तारांचा, ३२० मायक्रोमीटर व्यासाचा शोधक. इथे प्रकाशाच्या तेजात माहिती नसते, झोत कोणत्या क्षणी आला यात असते: काळाचे १२८ कप्पे केले आणि झोत एकाच कप्प्यात पाठवला, तर तो कप्पा ओळखला की सात बिट मिळतात. म्हणून फोटॉन पकडणे आणि त्याची वेळ नेमकी सांगणे ही दोन्ही कामे एकाच तारेने एकाच वेळी करावी लागतात. वर ज्या एकत्र गुणांबद्दल लिहिले त्यांची ही परीक्षाच. एप्रिल २०२४ मध्ये यान २२.६ कोटी किलोमीटरवर, म्हणजे सूर्याच्या दीडपट अंतरावर, होते तेव्हाही २५ मेगाबिटचा वेग मिळाला. उद्दिष्ट एका मेगाबिटचे होते. त्याआधी २०१३ मध्ये चंद्रावरून ६२२ मेगाबिटने माहिती उतरवली होती तीही नॅनोतारांनीच. दोन्ही ठिकाणी थंड पेटी जमिनीवर राहिली आणि यानाला तिचे ओझे झाले नाही. वैद्यकातले काम अजून लहान आहे, तरी सांगण्याजोगे: कर्करोगाच्या प्रकाशोपचारात तयार होणाऱ्या क्रियाशील ऑक्सिजनचा १२७० नॅनोमीटरचा अत्यंत क्षीण उजेड या तारांना दिसतो, सिलिकॉनला नाही.

मग अडते कुठे? अडते ते तारेपासून बाहेर येणाऱ्या तारांत. प्रत्येक शोधकाला एक वाहिनी लागते, ती खोलीपासून अडीच केल्विनपर्यंत उतरते आणि सोबत उष्णता खाली नेते. दहा-वीस शोधकांना हे चालते, हजारांना नाही. ओळी आणि स्तंभ वापरून ३२ गुणिले ३२, म्हणजे १,०२४ बिंदूंची मांडणी २०१९ मध्ये ६४ वाहिन्यांवर भागवली गेली. २०२३ मध्ये निस्टने चार लाख बिंदूंचा कॅमेरा दाखवला. एका बिंदूची उष्णता शेजारच्या वाचक तारेला जागवते अशी त्यातली हुशार रचना. बातमी मोठी झाली. पण तो कॅमेरा सेकंदाला सुमारे एक लाख दहा हजार फोटॉन मोजतो, म्हणजे सरासरीने एका बिंदूला चार सेकंदांत एक. क्षीण ताऱ्यासाठी किंवा पेशीच्या मंद उजेडासाठी एवढे पुरेल; अंतराळातून येणाऱ्या माहितीसाठी मुळीच नाही. बिंदूंची संख्या आणि मोजणीचा वेग दोन्ही एकत्र वाढवायचे तर वाचन करणारे परिपथही थंडीतच नेऊन बसवावे लागतील, आणि ते काम तारेपेक्षा अवघड निघाले आहे.

शेवटचा आक्षेप आशावादी माणसांचा: उच्च तापमानाचे अतिवाहक आले की थंडीचा प्रश्न संपेल. २०२३ मध्ये बिस्मथयुक्त अतिवाहकाच्या पापुद्र्यावर २५ केल्विनपर्यंत एकेक फोटॉन ओळखल्याचे काम प्रसिद्ध झाले आहे आणि ते स्वागतार्हच आहे. पण मघाचा हिशेब इथे परत येतो. जास्त तापमानाला टिकणारी जोडी म्हणजे घट्ट जोडी. तोच फोटॉन तिच्यापैकी कमी जोड्या फोडील आणि ठोका उमटणे कठीण होईल. उलट, लांब अवरक्ताकडे जायचे तर जोडी आणखी सैल आणि थंडी आणखी जास्त हवी. २९ मायक्रोमीटरपर्यंतचे फोटॉन मोजणारे शोधक २०२३ मध्ये झाले ते याच दिशेने. पंचवीस केल्विनच्या तारेला पुढे स्वतःचे काम मिळेल, पण ती अडीच केल्विनच्या तारेची जागा घेईल असे मला वाटत नाही. तोवर अडीच केल्विनची बंद चक्रातली शीतकयंत्रे बाजारात मिळतात, घरच्या एक-दोन वातानुकूलकांइतकी वीज घेतात, आणि त्यांना द्रव हेलियम वारंवार ओतावे लागत नाही. हेलियम जवळपास सगळा आयात करणाऱ्या आपल्या देशात ही गोष्ट लहान नाही.

आपल्याकडे हा प्रश्न आता पैशांसह आला आहे. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत एकेका फोटॉनचे शोधक विकसित करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, २,००० किलोमीटरच्या उपग्रहीय गुप्तसंदेशनाचे उद्दिष्ट आहे, आणि संवेदन व मोजमाप यांचे केंद्र पवईच्या आयआयटीकडे आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नायोबियम नायट्राइडच्या पातळ, अव्यवस्थित थरांवर वर्षानुवर्षे मूलभूत काम झालेले आहे. थर कसा बिघडतो हे ज्यांना ठाऊक, त्यांच्याकडूनच तो एकसारखा कसा करावा हे शिकता येते. मॉस्कोतही गोष्ट थरापासूनच सुरू झाली होती. तेव्हा पैसा तयार शोधकांच्या खरेदीत संपू नये. थर, रेघा आणि थंड वाचनपरिपथ यांवर तो लागावा. आणि खरेदी करावीच लागली, तर पुरवठादाराच्या कागदावरची कार्यक्षमता, खोटे ठोके आणि थरथर हे तीन आकडे एकाच तारेवर, एकाच तापमानाला आणि एकाच प्रवाहाला मोजलेले आहेत का, हे पैसे देण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.